एस.टी.चे भाडे, एस.टी.चा तोटा

रात्री शेवटच्या गावी मुक्कामाला जाणारी आणि पहाटे तालुक्याच्या गावाकडे परतणारी एस.टी. ही महाराष्ट्राच्या ग्रामीण दिनक्रमाची खूण आहे. बाजाराला निघालेली भाजीवाली, कोर्टाच्या तारखेला जाणारा शेतकरी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि शहरातल्या मुलासाठी पाठविलेला जेवणाचा डबा या सर्वांना घेऊन ती सकाळी निघते. रात्री गावाकडे जाताना मात्र ती बहुधा अर्धी रिकामी असते. आगाराच्या वहीत अशा फेरीची नोंद तोट्याची म्हणून होते. ही फेरी चालू ठेवायची की नाही, आणि चालू ठेवायची तर तिचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न एस.टी.च्या स्थापनेपासून तिच्यामागे लागलेला आहे. संप, भाडेवाढ, सवलती, श्वेतपत्रिका यांच्या बातम्या वेगवेगळ्या वेळी येतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली. लाकडी सांगाड्याची, तीस आसनांची ती गाडी तत्कालीन मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची होती. त्याआधी प्रवासी मोटार वाहतूक खासगी मालकांच्या हाती होती. चालत्या रस्त्यांवर त्यांच्या गाड्यांची झुंबड असे आणि आडवाटेच्या गावांकडे कोणी फिरकत नसे. वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणामागचा मुख्य हेतू हाच होता, की नफ्याच्या मार्गावर मिळालेल्या पैशातून तोट्याचा मार्ग चालावा. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर या सेवेचे रूपांतर महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात झाले. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद आणि पुढे 'गाव तेथे एस.टी.' ही घोषणा याच विचारातून आली.

या महामंडळाचा आधार असलेला १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे. त्याच्या १८ व्या कलमाने महामंडळावर पुरेशी, कार्यक्षम, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा देण्याचे कर्तव्य सोपविले आहे. २२ वे कलम सांगते, की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. ३४ व्या कलमाने राज्य सरकारला निर्देश देण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे एस.टी.ने सेवा द्यायची ती समाजासाठी, हिशेब ठेवायचा तो दुकानदाराप्रमाणे आणि आज्ञा पाळायची ती मंत्रालयाची. सेवा आणि व्यापार यांत भेद पडला तर त्यातली तूट कोणी भरायची, याचे नेमके उत्तर कायद्यात नाही. भांडवल केंद्र आणि राज्य या दोघांनी पुरवावे अशी सोय २३ व्या कलमात होती आणि केंद्राचा वाटा रेल्वेमार्फत येत असे. तो ओघ आटल्याला अनेक वर्षे झाली.

भाडे ठरते कसे?

एस.टी.चे भाडे किलोमीटरवर मोजले जात नाही, टप्प्यांवर मोजले जाते. एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. साध्या गाडीला एका टप्प्यासाठी आता दहा रुपयांच्या आसपास पडतात. भाडेवाढीला राज्य परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि प्रत्यक्षात ती राजकीय निर्णयाशिवाय होत नाही. जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के अशा अलीकडच्या तीन वाढी आहेत. प्रत्येक दोन वाढींमध्ये तीन वर्षांहून अधिक काळ गेलेला दिसतो. या काळात डिझेल, सुटे भाग आणि वेतन मात्र थांबून राहिलेले नसतात. महामंडळ तोटा साठवत राहते आणि मग एकदम मोठी वाढ प्रवाशाच्या माथी येते. दरवर्षी थोडी वाढ झाली असती तर ती कोणाच्या फारशी लक्षातही आली नसती. तीन वर्षांनी आलेली पंधरा-अठरा टक्क्यांची वाढ मात्र रोज ये-जा करणाऱ्याला वडापच्या जीपकडे वळविते.

तिकिटाच्या पैशातून प्रवासी कर म्हणून साडेसतरा टक्के राज्य सरकारकडे जातात. १९५८ च्या कायद्याने बसलेला हा कर देशातील इतर राज्यांच्या तुलनेत फार जड असल्याची तक्रार महामंडळ आणि कामगार संघटना दोघेही वर्षानुवर्षे करीत आले आहेत. सरकार एका हाताने कर घेते आणि दुसऱ्या हाताने मदत म्हणून रक्कम देते. त्यातली कर देणारी बाजू नियमित आहे. मदतीची बाजू पुरवणी मागण्यांवर अवलंबून आहे.

डिझेलची कथा याहून विचित्र आहे. एस.टी. हा डिझेलचा राज्यातील एक सर्वांत मोठा ग्राहक. घाऊक ग्राहकाला माल स्वस्त मिळावा ही बाजाराची साधी रीत. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक खरेदीदारांचे अनुदान काढून घेतले, तेव्हा आगारातल्या टाकीत येणारे डिझेल रस्त्यावरच्या पंपापेक्षा महाग झाले. लाल गाड्या खासगी पंपांवर रांगेत उभ्या राहिल्या. मार्च २०२२ मध्ये घाऊक दर पुन्हा लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी चढले आणि तोच देखावा परत दिसला.

प्रवासी का घटले?

करोनाच्या साथीपूर्वी एस.टी.तून दररोज ६५ लाखांच्या आसपास प्रवासी जात. ताफा १८ हजार गाड्यांच्या घरात होता. अडीचशे आगारे, साडेपाचशेहून अधिक बसस्थानके आणि सुमारे लाखभर कर्मचारी असा हा पसारा होता. तरीही घसरणीची सुरुवात साथीने झाली असे म्हणता येणार नाही. ती त्याआधी दोन दशके सुरू झालेली होती.

पहिले कारण दुचाकी. हप्त्यावर मिळू लागलेल्या मोटारसायकलीने दहा-वीस किलोमीटरचा प्रवासी एस.टी.पासून तोडला. हाच प्रवासी रोजचा आणि खात्रीचा होता. दुसरे कारण वडाप आणि काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, दाटीवाटीने माणसे कोंबते. पण हात दाखवाल तेथे थांबते. एस.टी.लाही पुढे 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही योजना आणावी लागली. तिसरे कारण लांब पल्ल्याच्या खासगी गाड्या. कायद्याने त्यांना कंत्राटी परवाना मिळतो. ठरलेल्या प्रवाशांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावे, वाटेत टप्प्याटप्प्याने माणसे घेऊ नयेत, असा त्या परवान्याचा अर्थ. टप्पा वाहतुकीचा हक्क एस.टी.चा. व्यवहारात हा भेद महामार्गावर कधीच पुसला गेला आहे. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर यांना जोडणारे जे रस्ते तोट्याच्या फेऱ्यांना पोसणार होते, त्यांवरचे चांगले उत्पन्न अशा रीतीने बाहेर गेले. तोट्याच्या फेऱ्या मात्र एस.टी.कडेच राहिल्या. त्या मागायला कोणताही ट्रॅव्हल्सवाला आलेला नाही.

महामंडळाने लांब पल्ल्यावर टिकण्याचे प्रयत्न केलेच नाहीत असे नाही. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांवरून नाव पडलेली 'एशियाड' निमआराम गाडी त्या काळी मोठ्या मानाची होती. दादर-पुणे 'शिवनेरी'ने वातानुकूलित प्रवासाचा एक निष्ठावान वर्ग तयार केला. २०१७ मध्ये आलेल्या 'शिवशाही'ची कहाणी तितकी सुखाची नाही. काही गाड्या महामंडळाच्या, काही खासगी मालकांकडून भाड्याने, अशी तिची रचना. बिघाड आणि अपघात यांमुळेच ती अधिक गाजली.

एस.टी.च्या कारभारात 'भारमान' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गाडीच्या एकूण आसनक्षमतेपैकी किती जागांचे उत्पन्न मिळाले, याची ती टक्केवारी. आगारप्रमुखाची कामगिरी तिच्यावर जोखली जाते. फेरी बंद करताना कागदावर कारण लिहिले जाते तेही 'कमी भारमान' हेच. आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. सकाळी ६ वाजता शाळा-महाविद्यालयाच्या मुलांनी भरलेली गाडी पासधारकांची असल्याने उत्पन्नात कमी दिसते. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली मुलींना शाळेपर्यंतचा प्रवास मोफत आहे. या सवलतीची भरपाई सरकारने द्यायची असते. मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत मुलींच्या ने-आणीसाठी निळ्या रंगाच्या स्वतंत्र गाड्या २०११-१२ पासून दिल्या गेल्या. ज्या गावात आठवीनंतरची शाळा नाही, त्या गावातील मुलीचे शिक्षण या गाडीच्या वेळेशी बांधलेले असते. गाडी तासभर उशिरा आली तर वर्ग बुडतो. ती आठवडाभर आलीच नाही तर घरातले शाळा सोडण्याचा विषय काढतात. भारमानाच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.

साथ आणि संप

२०२० च्या मार्चमध्ये चाके थांबली. आंतरजिल्हा वाहतूक पुन्हा सुरू व्हायला २० ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात एस.टी.ने परराज्यातील मजुरांना सीमेपर्यंत पोहोचविले, कोट्यात अडकलेल्या विद्यार्थ्यांना परत आणले आणि मुंबईत बेस्टच्या मदतीला गाड्या व कर्मचारी पाठविले. उत्पन्न नसल्याने जुन्या गाड्यांचे सांगाडे बदलून मालवाहतूकही सुरू केली. वेतन थकू लागले होतेच. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप नोव्हेंबरमध्ये राज्यभर पसरला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे ही मुख्य मागणी. सरकारी कर्मचाऱ्याइतके आणि वेळेवर वेतन, हा तिचा सरळ अर्थ. सरकारने नोव्हेंबरमध्ये मूळ वेतनात अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ जाहीर केली, तरी संप मिटला नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला, आणि न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितल्यावर हा सुमारे सहा महिन्यांचा संप संपला.

दोष कोणाचा, यावर भरपूर लिहून झाले आहे. प्रवाशांच्या दृष्टीने परिणाम एकच होता. सहा महिन्यांत लोकांनी दुसरी सोय पाहिली. कोणी गाडी घेतली, कोणी तालुक्याला खोली केली, आणि काहींचे जाणेच बंद झाले. 'वाट पाहीन, पण एस.टी.नेच जाईन' असे म्हणणाऱ्या प्रवाशालाही वाट पाहण्याची मर्यादा असते. संपानंतर गाड्या रस्त्यावर आल्या तेव्हा ताफ्यातील बऱ्याच गाड्या वयाने बाद होण्याच्या बेतात होत्या. संख्या चौदा-पंधरा हजारांवर आली. मुक्कामी गाड्यांचा बळी अशा वेळी सर्वांत आधी जातो, कारण एक गाडी आणि दोन कर्मचारी रात्रभर त्यात अडकतात.

सवलतींनी भरलेली गाडी

यानंतर आलेल्या दोन निर्णयांनी चित्र पालटले. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास मिळाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत लागू झाली. दिल्लीने २०१९ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये महिलांना ठरावीक बसगाड्यांत मोफत प्रवास दिला होता. महाराष्ट्रापाठोपाठ जून २०२३ मध्ये कर्नाटकाने 'शक्ती' योजना आणली. महाराष्ट्राने पूर्ण मोफत न देता अर्धे तिकीट ठेवले, हे शहाणपणाचे ठरले. प्रवास फुकट नाही म्हणून वाहकाकडे खरी नोंद राहते, आणि अर्धे का होईना, पैसे रोख हातात पडतात. माहेरी, दवाखान्यात, बाजारात, देवदर्शनाला जाणाऱ्या स्त्रियांची गर्दी वाढली. रोजची प्रवासीसंख्या ५५ लाखांच्या आसपास परत आली. गाड्या साथीपूर्वीपेक्षा कमी असताना हे घडले, त्यामुळे उभ्याने प्रवास करणारे वाढले.

मात्र प्रवासी परतले म्हणजे पैसा परतला असे नाही. तिकिटाचा उरलेला भाग सरकारकडून प्रतिपूर्ती म्हणून येतो आणि तो ठरल्या दिवशी येईलच असे नसते. डिझेलवाला आणि कर्मचारी दोघांनाही महिन्याच्या महिन्याला पैसे द्यावे लागतात. एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या हाती मार्चच्या वेतनाची ५६ टक्केच रक्कम पडली, तेव्हा ही गोष्ट उघड्यावर आली. सवलत जाहीर करण्याचे श्रेय सरकारला मिळते आणि प्रतिपूर्तीच्या विलंबाचा भार चालक-वाहकाच्या घरखर्चावर पडतो, हे या व्यवस्थेतले सर्वांत मोठे व्यंग आहे. जून २०२५ मध्ये परिवहन विभागाने काढलेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे दिसते. गेल्या ४५ वर्षांत महामंडळ नफ्यात राहिले ती वर्षे अवघी आठ.

तोटा भरून काढण्यासाठी बसस्थानकांच्या जागांचा व्यापारी विकास हा उपाय प्रत्येक मंत्र्याने सुचविला आहे. शहरांच्या मध्यभागी एस.टी.ची जमीन आहे, हे खरे. त्यासाठी भाडेकराराची मुदत ९८ वर्षांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. जमिनीचे उत्पन्न मात्र सावकाश येते, आणि गाडी उद्या सकाळी सोडायची असते. विजेवरील गाड्यांचाही अनुभव असाच आहे. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर याच जुन्या मार्गावर पहिली 'शिवाई' धावली. २०२३ मध्ये ५,१५० विद्युत गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला. पुरवठा मात्र वेळापत्रकाच्या कितीतरी मागे राहिला. शेवटी साध्या डिझेलच्या, स्वमालकीच्या अडीच हजारांहून अधिक गाड्यांची खरेदी हाच ताफ्याला खरा आधार ठरला.

रेल्वेचा तोटा वेगळा

एस.टी.च्या शेजारी रेल्वेची पॅसेंजर ठेवली की भाड्यातील तफावत डोळ्यांत भरते. पॅसेंजरचे किमान भाडे दहा रुपये आहे. तेवढ्यात एस.टी. एक टप्पा नेते. रेल्वे त्याच्या कित्येक पट लांब. रेल्वे खात्याच्या सांगण्यानुसार प्रवाशाच्या प्रत्येक तिकिटावर सरासरी ४६ टक्के सूट असते, आणि २०२२-२३ मध्ये तिची रक्कम ५६,९९३ कोटी रुपये होती. ही तूट मुख्यतः कोळसा, सिमेंट, लोखंड यांच्या मालवाहतुकीतून भरली जाते. एस.टी.ला असा कोळसा नाही. त्यामुळे दोन्ही सेवा तोट्यात असल्या तरी रेल्वेच्या तोट्याला अर्थसंकल्पात मान आहे आणि एस.टी.च्या तोट्याला दूषणे आहेत.

म्हणून रेल्वेचा साधा प्रवासी सुखी आहे असे समजू नये. देशभरातील रेल्वेप्रवाशांची संख्या २०१८-१९ मधील सुमारे ८४४ कोटींवरून २०२३-२४ मध्ये ६९० कोटींच्या आसपास आली. साथीनंतर पॅसेंजर गाड्या 'विशेष एक्स्प्रेस' या नावाने परतल्या आणि किमान भाडे दहाचे तीस रुपये झाले. गाडी तीच, वेग तोच, थांबे कुठेकुठे कमी झालेले. पूर्वीचे भाडे परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. कोकणातील प्रवाशांची रत्नागिरी-दादर पॅसेंजर दिव्यापर्यंतच येऊ लागली. सामान आणि मुलेबाळे घेऊन दिव्याला लोकल पकडणे म्हणजे काय, हे त्या मार्गाने गेलेल्यांनाच ठाऊक. गणेशोत्सवात रेल्वेची आरक्षणे मिनिटांत संपतात आणि कोकणासाठी एस.टी.ला पाच हजारांच्या घरात जादा गाड्या सोडाव्या लागतात, ही त्याच अपुरेपणाची दुसरी बाजू.

उपनगरी रेल्वेत राज्याने पैसा घालण्याची पद्धत मुंबईत १९९९ पासून आहे. मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, राज्याचा ४९. मुंबईबाहेर नव्या मार्गांसाठीही आता राज्याचा वाटा घेतला जातो. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गात तो ४० टक्के, तर अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गात निम्मा आहे. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या या दुसऱ्या मार्गावर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत गाडी आली. बीडला ती पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. बीड स्थानकावर लोकांनी केलेली गर्दी तीस वर्षांच्या प्रतीक्षेला साजेशी होती.

सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार या गाडीला बीड-अहिल्यानगर अंतर कापायला सुमारे साडेपाच तास लागतात. एस.टी. याहून लवकर पोहोचते, पण तिचे भाडे कित्येक पट आहे. घाई असलेला प्रवासी बसस्थानकावर जातो, पैसे वाचविणारा रेल्वे स्थानकावर. दोन्ही स्थानकांच्या वेळा एकमेकींशी जुळवून देणारी, एकच तिकीट दोन्हीकडे चालवून घेणारी यंत्रणा राज्यात नाही. १९५० च्या कायद्यातील 'सुसूत्र' हा शब्द त्या बाबतीत अजून कागदावरच आहे.